खचलेला भराव आणि आमचा साखरपुडा

साखरपुड्याला सहा दिवस होते आणि मी गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते, तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याने एक फोटो पाठवला. कोकणातला खाडीकाठचा रेल्वेमार्ग. पण रुळांखाली जमीनच नव्हती. आदल्या दिवशीच्या वादळाने भराव वाहून नेला होता आणि रूळ शिडी आडवी टांगावी तसे हवेत लोंबत होते. खाली त्याने लिहिलं होतं, 'रविवारीच ना साखरपुडा? तोवर होईल बहुतेक.'

मला इतकं हसू फुटलं की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सब ठीक?" आमच्या मॅनेजरने विचारलं.

"सर, ट्रॅक बह गया."

त्यांना वाटलं, मी प्रोजेक्टबद्दल बोलतेय. "रिकव्हरी प्लॅन है?"

"जी. संडे तक."

तो त्याच मार्गावर इंजिनिअर. स्थळ मावशीने आणलेलं. आम्ही जेमतेम चारदा भेटलो होतो, आणि चौथ्या भेटीनंतर मी मेट्रोत दोनदा चुकीच्या स्टेशनवर उतरले होते. तेव्हा माझी अवस्था काय होती, ते यावरून समजून घ्या.

मयूर विहारच्या घरी बाबा मात्र चिंतेत. दिल्लीत सरकारी नोकरीत हयात गेलेली, त्यामुळे कुठलीही बातमी ते फाइल असल्यासारखी वाचतात. "हा मार्गच आता आतल्या बाजूला हलवायचं म्हणतायत," पेपर खाली ठेवत ते म्हणाले. "मार्गच उरला नाही, तर जावई करणार काय?"

"बाबा, त्याचं लग्न माझ्याशी आहे, मार्गाशी नाही."

"सध्या तरी मार्गाशीच दिसतंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

रोज सकाळी चहाच्या वेळी त्याचा फोन यायचा. मागे पोकलेनची घरघर, त्यामुळे तो ओरडून बोलायचा आणि मीही ओरडून उत्तर द्यायचे. "दगड टाकून झाले!" "बिल्कुल खात नाहीयेस ना?" "काय?" "जेवलास का?" "खडी उद्या येतेय!" आमचं हे प्रेमाचं बोलणं अख्ख्या जिन्यात ऐकू जायचं. गुरुवारपर्यंत सोसायटीच्या गेटवरचा गार्डही विचारायला लागला, "दीदी, पटरी बन गई?"

शनिवारी पहाटे बनली. आधी भरलेली मालगाडी सोडून पाहिली. ती जाईपर्यंत तो खाली उतारावर उभा होता. मागून दिल्लीची गाडी पायी चालल्यासारखी त्या तुकड्यावरून सरकली आणि पुढच्या स्टेशनवर हा तिच्यात चढला. अंगावर होतं त्याच कपड्यांनी. त्याचे आईवडील पुण्याहून विमानाने आधीच पोचले होते.

रविवारी दुपारी मी निजामुद्दीनला गेले. मे महिन्याचं ऊन, पैठणी, आणि केसांत पार्लरवालीने खोचलेल्या असंख्य पिना. हे शहाणपणाचं नाही असं आईने तीनदा सांगितलं होतं. गाडी थांबली आणि रेल्वेच्या भगव्या जॅकेटमधला, तांबड्या मातीने माखलेल्या बुटांचा एक माणूस उतरला. मी धावले. एक चप्पल मागे राहिली. पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आत एका बाईने त्याला गाठलं. "भैया, बी-टू में पानी नहीं आ रहा!" जॅकेट बघून रस्ताभर सगळ्यांनी त्याला गाडीचाच माणूस समजून तक्रारी सांगितल्या होत्या, आणि या शहाण्याने सगळ्या लिहून घेतल्या होत्या. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

घरी आल्यावर आंघोळ करून त्याने बाबांचा झब्बा घातला. बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. गुरुजी घड्याळ बघत होते, तरी बाबांनी त्याला शेजारी बसवलंच.

"खरं सांगा, टिकेल का तुमचा मार्ग?"

त्याने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि पेनने डोंगर काढला. "काका, टिकवता येईल. पण होता तसाच नाही राहणार. वादळं आता जास्त जोराने येतात. उतारावर जाळ्या, पाण्याला मोठे नाले... आणि या तुकड्यात बहुतेक डोंगरातून बोगदा."

"म्हणजे खाडी दिसणार नाही?"

"तेवढ्या भागात नाही."

"अरेरे," बाबा म्हणाले. झाकण हातात घेऊन त्यांनी तो डोंगर उलटसुलट करून पाहिला. मग एकदम म्हणाले, "पण गाडी चालेल?"

"चालेल."

"मग झालं! गुरुजी, चलो, सुरू करा."

अंगठी त्याच्या बोटात जाईना. आठवडाभर कामावर राबून बोटं सुजली होती. मी ढकलतेय, तो "आई गं" म्हणतोय, सगळे हसतायत. शेवटी करंगळीत बसली. पुढे फोटो काढायला सोफ्यावर बसवलं, तर हा बसल्या बसल्या झोपला. मी उठवलं नाही. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत त्याचे डोळे मिटलेले आहेत आणि माझं तोंड उघडं आहे.

बोगद्याची पाहणी अजून चालू आहे. निर्णय झालेला नाही. गाड्या तिथून हळू जातात. पुढे आम्ही दोघं तिथून गेलो तेव्हा खिडकीतून खाडी इतका वेळ दिसत राहिली की मी डब्यातल्या अनोळखी लोकांनाही हाका मारून बोलावलं, "बघा, बघा, लवकर या!"