ख्रिस्तप्रसाद घेऊन बार्शीच्या एसटीत

जायचं ठरलं ते एका बुधवारी, शाळेच्या व्हरांड्यात. खरं सांगायचं तर मला कुठंच जायचं नव्हतं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, टेबलावर न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा. किल्ले आणि धबधबे यांच्यासाठी तुम्ही या ब्लॉगवर येत नाही हे मला माहीत आहे. मी जातो ती ठिकाणं साधी असतात आणि हे तर त्याहून साधं: सोलापूर ते बार्शी एसटी, पुढं वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, आणि शेवटी एका म्हाताऱ्या माणसाची खाट. पण अंथरुणाला खिळलेल्या आपल्या माणसाला ख्रिस्तप्रसाद न्यायची वेळ तुमच्यावर आली, तर हे वाचलेलं उपयोगी पडेल. घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं बदलली आहेत.

मी सोलापुरातल्या एका कॅथलिक शाळेत मराठी शिकवतो. शाळेत मुलं सगळ्या धर्मांची. त्यातली कॅथलिक मुलं मोजकीच. चौथीत आली की शाळा सुटल्यावर त्यांना धर्मशिक्षणाला बसवायचं आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करायचं, हे काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. त्याआधी प्रत्येकानं पहिलं कन्फेशन करायचं असतं, म्हणजे फादरांपुढं एकट्यानं आपली पापं सांगून देवाची क्षमा मागायची. आमच्या इथं शनिवारी कन्फेशन आणि रविवारी पांढरे कपडे, फुलं, बँड.

मुलांना होस्तियाची सवय व्हावी म्हणून आम्ही आधी सराव करून घेतो. होस्तिया म्हणजे गव्हाची पातळ, गोल पापडी. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर ती वेदीवर अर्पण करतात, तेव्हा ती ख्रिस्ताचं शरीर होते; तोच ख्रिस्तप्रसाद. सरावाची मात्र नुसती पापडी असते. टाळूला चिकटली तर बोट घालू नका, चावू नका, वगैरे. यंदाही फेब्रुवारीत सराव घेतला. रूथ नावाच्या मुलीनं त्यांतली एक पापडी कंपासपेटीत ठेवली आणि सुट्टीला गावी गेल्यावर आजोबांच्या हातावर ठेवली. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, चर्चला जाणं बंद. फादरांकडं इतकी गावं आहेत की तिथवर त्यांची फेरी क्वचितच होते. आजोबांनी विचारलं, हे काय गं? रूथ म्हणाली, ख्रिस्तप्रसाद. आजोबांनी क्रुसाची खूण केली, जिभेवर घेतला आणि रडले.

हे मला त्या बुधवारी कळलं. सगळी मुलं कन्फेशनच्या सरावाला उठली आणि रूथ बाकावर तशीच बसून राहिली. सिस्टरांना म्हणाली, पोटात दुखतंय. मी तिला व्हरांड्यात घेऊन बसलो तेव्हा तिनं सांगितलं.

"आजोबांना बरं वाटावं म्हणून दिलंस ना?" मी म्हणालो. "देवाला कळतं ते."

"देवाला कळतं हो, सर. आजोबांना कुठं कळलंय?"

तिचं म्हणणं सरळ होतं. आजोबांना खरं कळल्याशिवाय आणि खरा ख्रिस्तप्रसाद मिळाल्याशिवाय ती शनिवारी रांगेत उभी राहणार नव्हती. तिची आई सुशीलाताई युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिनं रविवारचा पांढरा फ्रॉक स्वतः शिवून ठेवलेला, नातेवाइकांना आवतणं गेलेली. ती डोक्याला हात लावून बसली.

फादरांना शुक्रवारपर्यंत सवड नव्हती. ते म्हणाले, "सर, तुम्हाला अधिकार दिलेला आहे. तुम्हीच घेऊन जा." आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याचा हा अधिकार काही प्रापंचिकांना मिळतो. माझ्याकडं तो आहे. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत रजा? जा. पण पेपर सोमवारी टेबलावर पाहिजेत."

गुरुवारी सकाळच्या मिस्सेनंतर फादरांनी एक होस्तिया चपट्या डबीत ठेवली. डबी कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात, शर्टाच्या आत. ती जवळ असताना वाटेत रेंगाळायचं नाही आणि वायफळ बोलायचं नाही, मनात प्रार्थना चालू ठेवायची. चर्चपासून रुग्णाचं घर दोन गल्ल्यांवर असेल तर हे सोपं आहे. बार्शीच्या एसटीत अवघड आहे.

गाडी वेळेवर सुटली. खिडकीची बाजू निवडताना विचार करा. सकाळी जाताना उजवीकडं ऊन येतं. बायकांना अर्धं तिकीट, रूथचंही अर्धं. कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "चला, पूर्ण पैशाचं एक तरी गिऱ्हाईक गावलं." वडाळ्याला एक मावशी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या बाकावर सुशीलाताई आणि रूथ. मावशींनी मूठभर शेंगा पुढं केल्या. मी मान हलवून नको म्हणालो. कुठं निघालात, विचारलं. "बार्शी." गाव कुठलं, विचारलं. "सोलापूर." मग मावशी पुढं वाकून सुशीलाताईंना म्हणाल्या, "काय वो बाई, मालक लई फुगल्यात. भांडून निघाला व्हय?"

"अवो, मालक न्हाईत ते! पोरीचे सर हायत," सुशीलाताई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मग गळ्यात काय जपाय लागल्यात? मघाधरनं हात काढंनात छातीवरचा. ताईत हाय का?"

"देवाचं हाय," रूथ मागं वळून म्हणाली.

मावशींनी एवढं ऐकलं आणि नमस्कार केला. गाठोडं पायाशी ओढून घेतलं, मला धक्का लागू नये म्हणून. वैरागपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. वैरागला गाडी थांबते, चहा बरा मिळतो असं इतर वेळच्या अनुभवावरून सांगतो. त्या दिवशी मी खाली उतरलो नाही.

बार्शी स्टँडबाहेरून वडाप मिळतं. ते भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरलं असं ड्रायव्हरला लवकर वाटत नाही. गावात पोचलो तेव्हा घराचा पत्रा नुसता तापलेला. याकोबआजोबांची दोन खोल्यांची जागा, मुलगा दानिएल, म्हणजे रूथचा मामा, आणि सून त्यांच्याजवळ. सुनेनं सगळी तयारी नीट केली होती: स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, वाटीत पाणी. आजोबांची दाढी केलेली, सदरा धुतलेला. मी डबी कापडावर ठेवली, मेणबत्ती लावली आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"सर, आधी मी सांगते," रूथ म्हणाली.

ती खाटेपाशी गेली. "आजोबा, मी दिलेला तो खरा नव्हता. वर्गातला होता, सरावाचा. त्यात येशू नव्हता."

"अगं गप की," दानिएल म्हणाला. "आता खरा आणलाय न्हवं? मग कशाला म्हाताऱ्याला घोर लावती?"

"बोलू दे तिला," आजोबा म्हणाले. नंतर माझ्याकडं वळले. "मास्तर, लई वरसं झाली, मी कन्फेशन केल्यालं न्हाय. एक गोष्ट हाय, ती सांगायची धाडसच झालं न्हाय. ह्या पोरीनं हातावर ठिवलं तवा मला वाटलं, देवानंच धाडलं. म्हंजी माफ झालं सगळं. तवापासनं झोप लागाय लागली हुती." ते थांबले. "मग ते माफ न्हाईच झालं की."

देवाची क्षमा अशी अडून राहत नाही, तुमच्या मनातली ओढ त्याला दिसते, असं मी बोलू लागलो. खरं तेच बोललो. आजोबांनी हात वर केला. "तुमी चांगलं बोलताय. पर मला फादर पायजेत. कन्फेशन केल्याबिगर आज मी घेणार न्हाय."

"बाबा, एवढ्या उन्हाचं आल्यात सर!" दानिएल चिडला. "घ्या की."

"जेवाण हाय व्हय रं ते, पाव्हणा आलाय म्हणून खायला?"

रूथ रडायला लागली. तिला वाटलं, आपण खरं बोललो आणि आजोबांची झोप घालवली. मलाही तेच वाटत होतं, हे लपवत नाही. उन्हानं आणि उपाशीपोटी मी इतका थकलो होतो की पुस्तक हातात धरून नुसता उभा राहिलो.

"रडती कशाला?" आजोबा तिला म्हणाले. "तुझं तरी झालं का कन्फेशन?"

"न्हाई. शनिवारी हाय. मी जाणार नव्हते."

"का?"

"भीती वाटती."

"मला बी," आजोबा म्हणाले.

रूथनं डोळे पुसले. "तुम्ही मोठे आहात. तुम्ही आधी जा."

"मी कुटं जातो खुबा मोडून? तुझं फादर तिथंच हायत. तू जा आदी. कसं असतंय ते मला सांग."

"तुम्हाला माहीतच आहे की कसं असतं."

"इसरलो," आजोबा म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा सुशीलाताई आणि सून दोघी हसल्या.

आम्ही सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. सुनेनं जेवायला थांबवलंच. एक सूचना: डबी खिशात घालून कधी जेवायला बसू नका. ती कापडावरच ठेवा, मेणबत्ती चालू ठेवा आणि कोणीतरी जवळ बसा. बाहेरच्या खोलीत भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याचं कालवण होतं. आम्ही पाळीपाळीनं जेवलो. आत रूथ बसली होती. मी उठून पाहिलं तर आजोबा कुशीवर वळून डबीकडं बघत होते. आयुष्यभर भुकेची सवय असलेला माणूस ताटाकडं बघतो, तसे.

परतीची गाडी खच्चून भरलेली. गळ्यात डबी तशीच. वैरागनंतर जागा मिळाली आणि रूथ शेजारी येऊन बसली.

"सर, आजोबांनी एवढं काय केलं असेल?"

"ते आपण विचारायचं नाही."

"फादर कुणाला सांगतील?"

"कुणालाच नाही. कधीच नाही."

"आईला पण नाही?"

"तुझ्या आईला तर नाहीच."

सोलापूर येईपर्यंत ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. संध्याकाळी मी डबी फादरांच्या हातात परत दिली. म्हणालो, म्हाताऱ्याला तुम्ही हवे आहात. त्यांचेही डोळे झोपेनं जड झालेले. डायरी न बघता म्हणाले, "मंगळवारी. त्याआधी नाही जमत, सर."

शनिवारी रूथ रांगेत पहिली होती. दोन-तीन मिनिटांत बाहेर आली, गुडघे टेकून प्रार्थना म्हटली आणि थेट माझ्याकडं येऊन फोन मागितला. "आजोबा, झालं माझं. तुमची पाळी." रविवारी तिनं पांढऱ्या फ्रॉकमध्ये ख्रिस्तप्रसाद घेतला. बँड बेसूर होता.

मंगळवारी फादरांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी पुन्हा तोच रस्ता केला. पन्नाशीच्या आसपास असाल तर हे करू नका, एसटी बरी. फादर आत गेले आणि दार लावून घेतलं. मी आणि दानिएल बाहेर लिंबाखाली बसलो. वेळ जात राहिला.

"एवढं काय असंल वो सर?" दानिएल म्हणाला. "जन्मभर बिगारी केली त्यानं. पाप करायला येळ कुटं हुता?"

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन दाराजवळ येऊन परत गेली. शेवटी फादरांनी दार उघडून आम्हाला आत बोलावलं. आजोबांचा चेहरा ओला होता. त्यांना ख्रिस्तप्रसाद देताना आम्ही सगळे गुडघ्यांवर होतो, दानिएलसुद्धा. फादर निघेपर्यंत आजोबा झोपी गेले होते, तोंड उघडं टाकून, घोरत.

या प्रवासाला आता काही महिने झाले. त्या मोटरसायकलीनं धरलेली पाठ अजून पूर्ण सुटलेली नाही. आजोबा आहेत, तसेच खाटेवर. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हावं असं वाटतही नाही. शाळेत चौथीचा नवा वर्ग आला आहे. परवा धर्मशिक्षणाच्या तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, कन्फेशनला भीती वाटते का?" पूर्वी मी पटकन सांगायचो, छे, भ्यायचं काय त्यात, देव प्रेमळ आहे. या वेळी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "वाटते. मोठ्यांनाही वाटते. भीत भीतच जायचं असतं." मुलं एकमेकांकडं बघू लागली. मग त्यांनी वह्या काढल्या.