बेल्टबाईंचा जीव टांगणीला

अपघात विभागातल्या त्या नर्सबाईंना वस्तीतली पोरं ‘बेल्टबाई’ म्हणत. सुट्टीच्या दिवशीही त्या घरी बसत नसत. शाळांतून, सोसायट्यांच्या हॉलमधून फिरत. गाडीत पट्टा का लावायचा, लहानग्याला पुढच्या सीटवर मांडीत का घ्यायचं नाही, हे पोरांना आणि आईबापांना पोटतिडकीने सांगत. वॉर्डात रोज जे दिसायचं, ते बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांच्या लेकीला लायसन्स मिळालं आणि त्या रविवारी ती पहिल्यांदाच एकटी मावशीकडे निघाली. बाईंनी आरसे पाहिले, टायर दाबले, लेकीचा पट्टा ओढून ओढून बघितला.

“आई, मग तूच चालव ना!” लेक वैतागली.

गाडी वळणाआड गेली आणि बाईंचा पाय एका जागी ठरेना. गॅलरीत जा, आत ये, पुन्हा गॅलरीत.

“अगं, फरशी झिजेल,” नवरा म्हणाला. “पोहोचली की करेल फोन.”

“तुमचं काय जातंय बोलायला!”

त्यांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. वॉर्डातल्या खाटा डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. पायात चपला सरकवून त्या थेट कोपऱ्यापर्यंत गेल्या, जणू तिथून मावशीचं घर दिसणार होतं! चालता चालता बोट फोनवरच.

शेवटी लेकीचाच फोन आला.

“मी पेट्रोल पंपावर थांबलेय. मला काही झालेलं नाही.”

“मग उचलत का नव्हतीस?”

“चालवत होते, आई! तूच शिकवलंस ना, फोनला हात लावायचा नाही म्हणून? पण तू थांबेचनास. वाटलं, बाबांना काही झालं. फोन बघायला मान वळवली आणि गाडी दुभाजकाला घासली. एक बाजू पार खरवडलीय.”

“पट्टा...” बाईंनी सुरुवात केली आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसल्या.

पुढच्या सभेत पोरांना सांगून झाल्यावर त्या आईबापांकडे वळल्या आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. “पोरं गाडी चालवत असताना फोन करायचा नाही. मी केला आणि पोर थोडक्यात वाचली.”

मागून एक बाप म्हणाला, “पण बाई, जिवाला घोर लागतो त्याचं काय?”

“तो घोर थांबवणं मलाही जमलेलं नाही. कुठे चाललास, कधी पोहोचशील, हे निघायच्या आधीच विचारून घ्या. मग खुशाल येरझाऱ्या घाला. मी घालते.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

लेक आता रोज कॉलेजला गाडी नेते आणि पोहोचली की ‘आले’ एवढंच कळवते. तोवर बाई कामावर असल्या तर बरं, हात गुंतलेले असतात. घरी असल्या की काही खरं नाही. परवा त्यांनी अख्खं कपाट रिकामं केलं आणि होतं तसंच पुन्हा लावलं.