साडूनं करून दिलेली पॉलिसी

साडूवर सूड उगवायचा, हे मी सोलापूरच्या दवाखान्यात काउंटरपुढं उभं राहूनच ठरवलं. बायको मागं चाकाच्या खुर्चीत बसलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आणि काचेमागची पोरगी मला सांगत होती, "आजोबा, क्लेम नामंजूर झालाय. आजींना बारा वर्षांपासून शुगर आहे, ते तुम्ही फॉर्मात लपवलंय."

लपवलंय! मी! उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि ही कालची पोरगी मला खोटारडा म्हणते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं फॉर्मची झेरॉक्स पुढं सरकवली. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'निरंक'.

हे कळायला आमचं खातं माहीत पाहिजे. शाळेतून तालुक्याला कसलीही माहिती पाठवा, एक रकाना मोकळा चालत नाही. सांगण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहायचं. मोकळा सोडला की 'त्रुटी आहे' म्हणून कागद परत. आणि ते कागद परत धाडणारा बाबू कोण, तर हाच माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रिटायर झाल्यावर विम्याचा एजंट झाला. तीन वर्षांमागं ढोकीला आमच्या घरी आला, ताटभर भजी हाणली आणि म्हणाला, "गुरुजी, सरकारी कार्ड हाय, मान्य. पण मोठ्या दवाखान्यात ते चालत न्हाय. वरून एक पॉलिसी पाहिजेच." मी विचारलं, हिच्या शुगरचं कुठं लिहायचं? तर म्हणतो, "गोळीवर हाय ना? मग ते आजारात धरत न्हाईत. रकाना तेवढा मोकळा ठेवू नका." हाताला सवयच होती. लिहून टाकलं.

ऑपरेशन न करताच बायकोला परत आणलं. घराची पायरी चढताना ती रडली.

साडूला फोन लावला. "सही तुमची हाय गुरुजी, अक्षरबी तुमचंच," एवढं बोलून ठेवला. तडक धाराशिवला त्याच्या घरी गेलो, तर गडी गायब. मेव्हणी, म्हणजे बायकोची अक्का, घरात होती. तिनं बिचारीनं चहा टाकला आणि कपाटातून फाईल काढून दिली. "दाजी, आमचीबी हीच पॉलिसी हाय. तुमच्यात काय चुकलं, ताडून बघा."

ताडून बघितलं. त्याच्या फॉर्मात त्याचा बीपी, तिची थायरॉईडची गोळी, जुनं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं कसं नीटनेटकं लिहिलेलं! स्वतःचं तेवढं खरं. आमचं खरं लिहिलं असतं तर हप्ता वाढला असता आणि गिऱ्हाईक हातचं गेलं असतं. मेव्हणी साखर आणायला आत गेली तेवढ्यात मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

मग नोव्हेंबर आला. जिल्ह्यातले पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला धाराशिवच्या बँकेत येतात, आणि हाच साडूचा हंगाम. बँकेच्या आवारात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून तो म्हाताऱ्यांना पॉलिसी विकतो. मी शेजारी दुसरी खुर्ची टाकली. आठ दिवस रोज पहिल्या एसटीनं जायचो. त्याचं जे जुनं गिऱ्हाईक येईल त्याला विचारायचं, तुमच्या फॉर्मात आजार काय लिहिलाय? झेरॉक्स बघा. आणि हा बघा साडूचा फॉर्म. तो आधी हसला, मग विनवायला लागला, मग म्हणाला, "घरातली गोष्ट घरात मिटवू." मी म्हणालो, "गुडघा घरातलाच हाय. मिटवा."

आठव्या दिवशी एक रिटायर नर्सबाई आपला फॉर्म घेऊन आल्या आणि भर रांगेत कडाडल्या, "अहो बाबू, मला ॲटॅक येऊन गेलेला, तो यात कुठं गेला?" झालं! रांग मोडून माणसं लिंबाखाली आली. साडूच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी उचलून निघाला, तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं ओरडलो, "बाबू, त्रुटी आहे. कागद परत घेऊन जा!" माणसं खो खो हसली. असा आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

घरी येऊन बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. साडूचं तोंड कसं झालं तेही करून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं का?" ती म्हणाली. "तुम्ही बँकेपुढं बसला होता, तवा अक्का गाडी करून आली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कार्डावर होतंय म्हणले. नंबर लागलाय. सोमवारी भरती व्हायचंय."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"दोनदा सांगाय बसले. दोन्ही वेळा तुम्ही तुमच्या साडूचंच काढलं."

मी जरा नरमलो. म्हणालो, "बरं, सोमवारी मी येतो."

"तुम्ही नका येऊ. अक्का राहणार हाय माझ्यापाशी. आत्ताच फोन आला होता. गावापुढं तिच्या नवऱ्याची अब्रू काढली तुम्ही, रडत होती. तरी येते म्हणली."

साडूवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. सोमवारी त्या दोघी गेल्या, आणि मी घरी बसून फोनची वाट बघितली.