पेटीची आतली बाजू

सुतारासमोर फार वेळ ताठ उभं राहू नये, तो डोळ्यांनीच माप घेतो, अशी गल्लीत त्याची टिंगल चालायची. टिंगलीत तथ्य होतं. दारं, कपाटं, खुर्च्या तो करायचाच, पण चर्चमधलं कोणी वारलं की शवपेटीही त्याच्याच हातची. शिवाय त्याला एक खूळ होतं. पेटीला तो आतूनही रंधा मारायचा. आत तळवा फिरवून बघायचा आणि एक कुसळ जरी लागलं, तरी पुन्हा रंधा हातात घ्यायचा.

"मेलेल्याला काय टोचणार आहे रे?" त्याची थोरली बहीण विचारायची. ती शेजारच्याच घरात राहायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"त्याला नसेल टोचत. मला माहीत असतं ना," एवढंच तो म्हणायचा.

त्याच्या बायकोला मात्र त्याच्या दुसऱ्याच एका खुळाची लाज वाटायची. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. दुसऱ्याला क्षमा केल्याची ओळ आली की हा गप्प. ओळ संपली की पुन्हा सगळ्यांच्या आवाजात आवाज. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती बिचारी तेवढी ओळ मोठ्यानं म्हणायची, दोघांच्या वाटची.

कारण तिला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक याच गल्लीत, दारासमोर खेळताना गेली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या ट्रकवाल्यानं मागे न बघता ट्रक मागे घेतला होता. लेकीची पेटी बापानंच केली, आणि आतून रंधा मारायचा तो थांबेचना. शेवटी बहिणीनं रंधा हातातून काढून घेतला. ट्रकवाला शिक्षा भोगून परत आला, त्याच घरात एकटा राहू लागला. सुतारानं त्याला कधी शिवी दिली नाही आणि कधी ओळखही दिली नाही.

"निदान तोंडानं तरी म्हणा ती ओळ," बायकोनं एकदा विनवलं होतं.

"देवाशी खोटं कसं बोलू?" तो म्हणाला.

आणि मग तो ट्रकवाला आजारानं गेला. पाळकसाहेब सुताराच्या कारखान्यात आले, पण बसले नाहीत. "तू नाही म्हणालास तर मला वाईट वाटणार नाही," ते म्हणाले. "पेटी दुसरीकडून आणू."

"गोणपाटात गुंडाळा म्हणावं," बहीण दारातूनच म्हणाली. त्यानं नाहीच म्हणावं असं बायकोलाही अगदी आतड्यातून वाटत होतं.

सुतारानं फळ्यांच्या ढिगाकडे बघितलं. "उद्या सकाळी न्या," तो म्हणाला.

पाळक गेल्यावर बायकोनं विचारलं, "मनातून गेलं का तुमच्या सगळं?"

"नाही."

"मग कशाला करता?"

"जायची वाट बघत बसलो तर जन्म सरेल, अगं. वैऱ्याचं भलं कर असं सांगितलंय. तसं वाटल्यावर कर, असं नाही सांगितलेलं."

दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. बाहेरून चोख होती. तो हात धुवायला गेला तेव्हा तिनं झाकण सरकवून आत हात घातला. खरखरीत. करवतीखालून आलेली फळी तशीच ठोकलेली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. माझ्या लेकीला तुझ्यामुळे पेटीत निजावं लागलं, तुला एवढं तरी टोचू दे, असं तिच्या मनात आलं. आईच ती, आपण कोण तिला नावं ठेवणार?

तो जेवायला बसला. घास हातात तसाच राहिला. मग तो न जेवताच उठला, त्यानं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि रंधा घेतला. ऊन उतरेपर्यंत ढलप्या पडत राहिल्या. तो मध्येच थांबायचा, डोळे पुसायचा, तळवा फिरवून बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. लोक मोठमोठ्या त्यागाच्या गोष्टी सांगतात. मला विचाराल तर त्या दुपारच्या कामापुढे त्या फिक्या आहेत.

सकाळी चर्चमध्ये मोजकीच माणसं होती. "बघायला आलेय, रडायला नाही," असं सांगून बहीणही मागच्या बाकावर बसली. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि बायकोच्या शेजारून घोगरा, अडखळता आवाज निघाला. सुतार एकेक शब्द म्हणत होता, ओझं उचलल्यासारखा.

आणि तिचाच आवाज बंद पडला. इतकी वर्षं जी ओळ ती खड्या आवाजात म्हणत आली होती, तिचा पहिला शब्दही ओठांवर येईना. आपण ती आजवर कधी मनापासून म्हटलीच नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं.

बाकीचे पुढे गेले, प्रार्थना संपवून बसलेसुद्धा. तो उभाच राहिला. त्यानं तिचा हात धरला. त्याच्या तळव्यात रुतलेलं पेटीतलं कुसळ तिला लागलं. तिच्याकडे न बघता त्यानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, अगदी सावकाश, तिला गाठता यावं म्हणून.

तिनं पहिला शब्द म्हटला.