मामासाठी गोठवलेला भोपळा

साताऱ्याहून निघालो त्या सकाळी बाबांना माझ्यापेक्षा फ्रिजची काळजी जास्त होती. तो त्यांनीच घेऊन दिला होता. टेम्पोत सामान चढत होतं आणि ते फाटकापाशी उभे राहून ओरडत होते, "आडवा करू नका! उभाच बांधा!" दोर बांधून झाला, तेव्हा ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पोचल्यावर लगेच चालू करू नकोस. घाटाची वळणं आहेत. रात्रभर नुसता उभा राहू दे. गॅस बसला पाहिजे."

आई ओवीला माझ्या हातात देऊन आत गेली, ती गाडी सुरू होईपर्यंत बाहेर आली नाही. ओवी तेव्हा तीन महिन्यांची होती. बाळंतपण माहेरी झालं आणि तेवढ्यात निखिलची, माझ्या नवऱ्याची, बँकेतून पोलादपूरला बदली झाली. दादा, माझा मोठा भाऊ, ऑफिसला निघून गेला होता. जाताना हेल्मेटमधूनच म्हणाला, "उष्टावणाला येतोच की मी. मामा आहे म्हटलं!"

महाबळेश्वरनंतर आंबेनळी घाट उतरताना मी पुढच्या टेम्पोकडेच बघत होते. प्रत्येक वळणावर फ्रिज थोडा झुकायचा आणि परत सरळ व्हायचा.

पोलादपूरला आमची जागा हायवेजवळ, पहिल्या मजल्यावर. खाली हमीदचाचांचं कोल्ड्रिंकचं दुकान. निखिल सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. मधल्या वेळात मी आणि ओवी. मी मुळातच कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत बोलताना वाक्य आधी मनात जुळवायची सवय, आणि इथे मी वाक्य जुळवेपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. "नवीन का हो?" असं जिन्यात कुणी विचारलं की मी "हो" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. मग दाराच्या आत उभी राहून वाटायचं, अजून एक वाक्य बोलायला हवं होतं.

ओवीला सहा महिने झाले, तेव्हा महाडला डॉक्टरांकडे नेलं. "आता वरचं सुरू करा," ते म्हणाले. "भाज्या, फळं, मऊ डाळ. मीठ नको, साखर नको." मी त्याच दिवशी महाडच्या बाजारातून झाकणाचे दोन आइस ट्रे घेतले. लाल भोपळ्याची फोड मागितली, तर भाजीवाली म्हणाली, "एवढीशी? पाव्हणे नाय काय गो घरात कोण?" मी हसले. रताळी आणि गाजरंही घेतली.

फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी उष्टावण. पहिला घास मामाच्या हातचा. दादा येईल या रविवारी, तोवर दूध आहेच."

मग मी तयारी करून ठेवायचं ठरवलं. भोपळा सालं काढून कुकरला वाफवला, मिक्सरमधून काढला, गाळणीतून घोटून घेतला. गार झाल्यावर ट्रेमध्ये भरला. सकाळी नारिंगी ठोकळे सुटे करून झिपच्या पिशवीत घातले आणि मार्करने नाव, तारीख लिहिली. या एका कामात मला कुणाशी बोलावं लागत नव्हतं आणि ते मला नीट जमत होतं. पुढे रताळं केलं, गाजर केलं. घरात कुकरची शिट्टी झाली की ओवी मान वळवायची. तिला वास यायचा. मी खायला बसले की माझ्या हाताकडे बघत नुसतं तोंड हलवायची.

त्या रविवारी दादाला सुट्टी नव्हती. पुढच्या आठवड्यात आंबेनळीत दरड आली आणि रस्ता बंद झाला. "घाट सुरू झाला की निघतोच," त्याचा मेसेज आला, खाली मामाचा हसरा चेहरा. फ्रीझर भरत गेला. मी डाळीचाही एक ट्रे लावला. निखिल म्हणाला, "अगं, देऊन टाक ना तिला. कोण बघतंय?" मी त्याला कारण सांगितलं नाही. माझ्या साताऱ्याच्या खोलीत आता दादाचं टेबल आलं होतं. माझी पुस्तकं खोक्यात घालून माळ्यावर ठेवली होती. त्याबद्दल तक्रार नव्हती, जागा लागतेच. पण माझ्या मुलीचा पहिला घास ही एक गोष्ट अजून त्या घराकडे शिल्लक होती. ती मला इथे उरकून टाकायची नव्हती.

मग पावसात लाइट गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीझर उघडला, तर ठोकळ्यांच्या कडा गोल व्हायला लागल्या होत्या. खाली चाचांचा जनरेटर धडधडत होता. एका हातात ओवी, दुसऱ्या हातात पिशव्यांचा डबा घेऊन मी जिना उतरले. काय बोलायचं ते चार पायऱ्यांत जुळवलं होतं आणि दुकानात पोचेपर्यंत विसरलेही होते. मी नुसता डबा पुढे केला.

"काय हाय यात? कुल्फी?"

"नाही. हिचं जेवण."

चाचांनी पिशवी उजेडात धरली. "मँगो दिसतो तर!" तिथे चहा पीत बसलेला एक ट्रकवाला म्हणाला, "चाचा, एक इकडं पण द्या." पिशवीवरचं नाव वाचून चाचा ओरडले, "गप रे! भोपळा हाय तो, तोही बिनमिठाचा. खाशील?" मी हसले. मोठ्याने हसले. पोलादपुरात पहिल्यांदाच.

आइस्क्रीमचे डबे सरकवून त्यांनी एका कोपऱ्यात जागा केली. "एवढा करून ठेवलाय, मग पोरगी खात नाय काय?"

मग मी सांगितलं. मामाचं, घाटाचं, सगळं. इतकी वाक्यं मी या गावात सलग कधी बोलले नव्हते.

"सातारा ना?" चाचा म्हणाले. ते पूर्वी ट्रक चालवायचे. "मग आंबेनळीच कशाला पायजे? पुण्यावरनं ताम्हिणी हाय. नायतर कराडवरनं कुंभार्ली उतरायचा, चिपळूण, कशेडी, की आलाच." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात झटकला. "पण लांब पडतं म्हणा. पावसात कोण येतं एवढ्या लांबनं."

मला ते रस्ते माहीत होते. मोबाइलवर मी ते कितीदा तरी पाहिले होते. निळी रेघ प्रत्येक वेळी साताऱ्यापासून पोलादपूरपर्यंत अखंड यायची. दादाला मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर मला नको होतं.

ओवी डब्याकडे झेपावत होती. पिशवीला हात लावून तिने तो हात तोंडात घातला.

मी एक ठोकळा बाहेर काढला. चाचांनी न विचारता वाटी-चमचा गरम पाण्याने धुऊन दिला आणि ट्रकवाल्याशी कशेडीच्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागले, आमच्याकडे पाठ करून. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, वाटी गरम पाण्यात धरून मी तो भोपळा कोमट केला आणि पहिला घास मीच भरवला. तिने तोंड वाकडं केलं, अर्धा बाहेर काढला. मग परत आ केला.

त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, "मी थांबले नाही." आई म्हणाली, "पोटभर खाल्लं का तिने?"

"हो."

"बरं झालं."

घाट सुरू झाला आणि दिवाळीनंतर दादा आला. चांदीची वाटी, चमचा, कपाळाला टिळा, फोटो. ओवीने त्याच्या हातचा वरणभात खाल्ला आणि चमचा हिसकावून घेतला. "सॉरी गं, उशीर झाला," तो म्हणाला. मी म्हटलं, "घाटच बंद होता ना." तो ओवीकडे वळला. बर्फासाठी त्याने फ्रीझर उघडला, तर आत ठोकळ्यांच्या पिशव्याच पिशव्या. "अगं, एवढं कुणासाठी करून ठेवलंयस?" मी बर्फाचा ट्रे काढून त्याच्या हातात दिला. दादा, आज हे वाचलंस तर रागावू नकोस. आपल्यातला एक रस्ता तेव्हा तू घेतला नाहीस आणि मीही तो तुला दाखवला नाही.

दुपारी त्याची गाडी घाटाकडे वळेपर्यंत मी ओवीला घेऊन खाली उभी होते. साताऱ्याला मी अजूनही "घरी" म्हणते. पण तिथे जायचं म्हणजे आधी फोन करून विचारायचं, कधी येऊ.

वर जायला वळले, तेव्हा चाचा फ्रीझर पुसत होते. आइस्क्रीमचे डबे त्यांनी पुन्हा लावले होते, एक कोपरा मोकळा सोडून.

"वरती लाइट आहे आता, चाचा," मी म्हटलं.

"हाय ना. पण जाते कधी, सांगता येतं काय? ऱ्हाऊ दे जागा."

बाबा म्हणाले होते, रात्रभर उभा राहू दे, गॅस बसला पाहिजे. फ्रिजला एक रात्र पुरली होती. मला पूर्ण पावसाळा लागला. मी ओवीला दुकानातल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या शेजारी बसले. जिना चढायची घाई नव्हती.