जिनिंगमधला रांजण

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि आता ऐकायला ती उरली नाही. सदर भागात माझे जुने पोलीस सहकारी संध्याकाळी चहाला जमतात, आपापल्या केसेस रंगवून सांगतात. या केसचा विषय निघाला, की मी काहीतरी कारण काढून उठतो.

तेव्हा मी खापा भागात ठाणेदार होतो. हद्दीतल्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण होते. एका वस्तीतल्या कामगारांचा रांजण वेगळा, आणि त्यालाही हात लावायची त्यांना मुभा नव्हती. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. हंगामी कामगारांच्या युनियननं संप केला, तेव्हा पहिली मागणी मजुरीची नव्हती. सगळ्यांना एकच रांजण हवा, ही होती. मालक नमला. त्या दिवशी तिथल्या फिटरच्या बायकोनं, तीही तिथेच कामाला, दोघं त्याच वस्तीतले, रांजणात गिलास बुडवला. तिच्या हातून तोच गिलास घेऊन एक हमाल प्याला. हमाल गावातल्या शेतकरी घरचा. त्याच्या सोयऱ्यांनी त्याचं दार सोडलं.

पुढे मालकानं फिटरच्या बायकोचं काम बंद केलं. लगेच जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मशीनचे पट्टे कापले. फिर्याद आली. चौकीदारानं खबर दिली, की सुट्टीत फिटर आणि हमाल शेडमध्ये होते. दोघांना आणून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

फिटरचं एकच पालुपद, "मले काही माहीत नाही, साहेब." वरून फोन येत होते. मग मी ठाण्यात नेहमी चालतो तो डाव खेळलो. फिटरच्या खोलीत चहा पाठवला, दार उघडं ठेवलं, शिपायांना तिथं मोठ्यानं हसायला लावलं. आणि हमालासमोर जाऊन बसलो.

"ऐकू येते का? सांगून टाकलं त्यानं. तुह्यं नाव घेतलं."

"तो नाही घेणार, साहेब. एका गिलासातून पाणी पेलो आम्ही."

"पाणी पेला म्हणून सोयरा झाला काय? त्यानं आपली माणसं वाचवली. तू काहून ताणून राहिला गा?"

'आपली माणसं' हे शब्द मी निवडून वापरले होते.

"मी मामा असून भाचीच्या लग्नाले मले बोलावलं नाही," हमाल म्हणाला. "त्या गिलासाच्याचपायी." मग सगळं सांगितलं. पट्टे दोघांनी मिळून कापले होते. सरकीच्या ढिगातून विळा निघाला, पंचनामा झाला.

व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. हमाल ओरडला, "पाजलं ना गा पाणी!" फिटर गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी हवालदाराला उगाच जीप काढायला सांगितली.

गुन्हा उघडकीस आला, मला शाबासकी मिळाली. युनियनच्या सभा दोन वस्त्यांत वेगवेगळ्या भरू लागल्या, मग बंदच पडल्या. मालकानं तडजोड करून केस मिटवली. नंतर दुसऱ्या कामासाठी कारखान्यात गेलो, तर शेडमध्ये पुन्हा दोन रांजण. मुकादम म्हणाला, "आता शांतता आहे, साहेब. कोणाचं काही म्हणणं नाही."

पट्टे कापणं गुन्हाच होता आणि आरोपीही खरे होते. म्हणून बरीच वर्षं मी तपास चोख झाला असं धरून चाललो. आरोपी फोडणं सोपं असतं. त्याच्या मनात आधीच असलेल्या भीतीवर बोट ठेवायचं. दोन वस्त्यांनी एकमेकांवर भरवसा टाकला होता. मालकाला तो मोडता आला नव्हता. मी एका दुपारीत मोडला.

हमाल आता नरखेडकडे मुलीजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात एसटीनं तिथवर गेलो. तो अंगणात संत्र्याच्या पेट्या ठोकत होता. त्यानं ओळखलं नाही. "कोण पाहिजे जी?" म्हणाला. पत्ता चुकला असं सांगून मी परत फिरलो.

फिटरनं त्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. हे त्याला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.