शेजारणीची गंजी पेटली तेव्हा

काजूचा वाळका पाला जळल्याचा वास आला की मला वाडीतली ती दुपार आठवते. पुरुष मासेमारीला गेलेले असत, म्हणून जहाजावरून निवृत्त झालेल्या शेजारच्या अंकलनी आम्हा बायकांचंच आग विझवायचं पथक उभं केलं होतं. त्या दुपारी काजूच्या पाल्याला लागलेली आग पसरून शेजारणीच्या घराला लागून असलेली गवताची गंजी पेटली. आम्ही विहिरीपासून रांग धरली आणि कळशा हातोहात पुढे जाऊ लागल्या. अंकल काठी टेकत घाईघाईने आले, तर माझी जाऊ म्हणाली, "तुमी सावळेक बसा, आमी आसंव." ते खरंच सावलीत जाऊन बसले. गंजी गेली, पण घर वाचलं. ओल्याचिंब, काळवंडलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघत ते हसून म्हणाले, "आता माझा काय काम उरूक नाय." आज माझी सून पथकात आहे. हाक आली की ती माझ्या आधी पोचते, आणि मला ते आवडतं.